शिलाई मशीन, गोधडी, क्रोशा की भरतकाम: चालत्या घरात कोणते काम निभते?

घरात लहान मूल आहे, नोकरी आहे, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा आहेत आणि तरीही स्वतःच्या हाताने काही घडवावे ही ओढ सुटत नाही, अशा माणसाला सहसा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे वेळ काढा. वेळ थोडाफार प्रत्येकालाच मिळतो. तो सलग मिळतो की तुकड्यातुकड्यांनी, यावर मात्र कोणते काम हाती घ्यावे हे ठरते आणि त्याचा विचार फारसा होत नाही. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात गेली बारा वर्षे मी ही चारही कामे कमीअधिक प्रमाणात केली आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की निवड करताना पहिला प्रश्न हा असावा: हातातले काम मध्येच ठेवायला किती वेळ लागतो आणि पुन्हा उचलल्यावर ते होते तिथून पुढे न्यायला किती वेळ लागतो? खर्च, जागा आणि आवड यांचा विचार त्यानंतर करावा.

सुरुवात मशीनपासून करते, कारण बहुतेक घरांत तेच आधी आलेले असते, पुष्कळदा आईचे किंवा आजीचे काळे पायमशीन म्हणून. त्याचा वेग इतर कोणत्याही कामाला गाठता येणार नाही. साधी सुती कुर्ती बेतायला 1 तास आणि शिवायला 3 तास धरले, तर चार तासांत अंगावर घालण्याजोगे वस्त्र तयार होते. पण हा वेग सलग बसणाऱ्याच्याच उपयोगाचा आहे. मशीनला कायमची जागा नसेल तर ते कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवणे, बॉबिन भरणे, दोरा ओवणे आणि इस्त्री तापवणे यांत 15 मिनिटे जातात. उरकताना कातरण झाडून, टाचण्या गोळा करून, मशीन झाकून ठेवण्यात आणखी 15 जातात. ज्या दिवशी पाऊण तास मिळतो त्या दिवशी प्रत्यक्ष टीप मारायला 15 मिनिटेच उरतात आणि रोज असे झाले की काम पुढे सरकत नाही, फक्त दमणूक होते. त्याच बाईला शनिवारी दुपारी सलग 3 तास मिळाले, तर त्यातले अडीच तास कामी येतात.

शिवणकाम मध्येच थांबले की आणखी एक नुकसान होते आणि ते मी स्वतः सोसले आहे. कटोरी ब्लाउजचे बेतलेले तुकडे तीन आठवडे पिशवीत पडून राहिले, खडूच्या खुणा पुसल्या गेल्या आणि पुन्हा बसल्यावर डावी कटोरी उजवीकडे जोडली गेली. टीप उसवली तेव्हा त्या पातळ रेशमी कापडावर सुईच्या भोकांची रांग तशीच राहिली; पाण्याचा हात लावून नखाने घासले, इस्त्री फिरवली, तरी ती बुजली नाही. तेव्हापासून मी खुणा खडूऐवजी वेगळ्या रंगाच्या धाग्याने कच्चे टाके घालून करते आणि प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी टाचते. बेतणे आणि शिवणे यांत दोन-चार दिवसांपेक्षा जास्त अंतर पडणार असेल तर बेतायला घेऊच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मशीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरातल्या बाईने आधीच ओळखून ठेवावी. मशीन उघडे दिसले की घरातली कामे त्याच्याकडे चालत येतात: गणवेशाची उसवलेली शिवण, पडद्याची पट्टी, शेजारच्या काकूंचा साडीचा फॉल. ही कामे करणे चांगलेच आहे, त्यातून घराला खरी मदत होते. पण शनिवारचे तीन तास त्यांतच संपले, तर मनात योजलेली कुर्ती दिवाळीपर्यंत तशीच राहते. दुरुस्तीच्या कपड्यांची वेगळी टोपली ठेवून त्यांना महिन्यातला एक दिवस नेमून दिला की दोन्ही गोष्टी होतात. याखेरीज पायमशीनला वीज लागत नाही आणि मोटरच्या मशीनचा आवाज बाळाच्या झोपेच्या वेळी अडचणीचा ठरतो, हेही खरेदी करताना ध्यानात असावे.

गोधडीची गोष्ट अगदी निराळी आहे आणि माझा कल कुठे आहे ते मी लपवत नाही. काही भागांत वाकळ म्हणतात ती हीच. जुन्या सुती साड्या आणि धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव करायची. 5 फूट बाय 7 फुटांची गोधडी घेतली, तर जुन्या नऊवारीतून, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापडातून, जोड देऊन दोन पूर्ण थर निघतात आणि वर ठिगळांपुरता तुकडा उरतो. टाक्यांच्या ओळींत एक इंच अंतर ठेवले तर 7 फुटांच्या 60 ओळी होतात, म्हणजे सगळा मिळून 420 फूट, जवळजवळ 128 मीटर धावदोरा. हा आकडा ऐकून छाती दडपते. पण माझ्या हाताला एक ओळ घालायला साधारण अर्धा तास लागतो. रात्री जेवणे आवरल्यावर रोज एक ओळ घातली तर 60 दिवसांत, दोन महिन्यांत, गोधडी पूर्ण होते. इतके मोठे काम इतक्या सारख्या आणि लहान तुकड्यांत विभागले जाणे हे घरसंसार सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. अर्ध्या ओळीवर दूध उतू गेले किंवा मूल जागे झाले, तरी सुई कापडात खोवून उठता येते. परत आल्यावर काही आठवावे, मोजावे लागत नाही. टाका जिथे थांबला तिथून पुढे घालायचा.

एकच बैठक मात्र गोधडीलाही सलग लागते. थर जमिनीवर अंथरून, सुरकुत्या काढून, मधोमधपासून कडेकडे कच्चे टाके घालण्याचे काम दोन तासांचे आहे आणि ते दोघांनी करायचे आहे. रविवारी सकाळी फर्निचर सरकवून आम्ही ते करतो. सासूबाई गुडघ्यांमुळे खाली बसत नाहीत. त्या खुर्चीवरून कुठे फुगा आला आहे ते सांगतात आणि त्यांच्या नजरेतून एकही सुटत नाही. पुढे दोन बाजूंनी दोघींना शिवता येते. त्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, माझा त्याहून लांब. गोधडी उलगडली की कोणती ओळ कोणाची हे आजही ओळखू येते. मशीनवर दोघांना एकत्र बसता येत नाही, गोधडीवर येते, आणि माझ्या मते निवड करताना ही बाब खर्चाइतकीच तोलून पाहावी.

तिच्या अडचणीही सांगायला हव्यात. एप्रिल-मेमध्ये ती मांडीवर घेऊन बसणे अशक्य होते, म्हणून पावसाळ्यात हाती घेऊन थंडीपूर्वी पुरी करावी. जुने कापड आधी धुऊन कडक उन्हात वाळवलेले असावे. दमट हवेत कोंदट वास थरांत बसला तर तो निघत नाही. चार-पाच थरांतून सुई ओढून अंगठ्याचा सांधा दुखतो, त्यासाठी अंगुस्तान वापरावे आणि ओळ संपली की हात थांबवावा.

क्रोशा हे प्रवासाचे आणि वाट पाहण्याचे काम. लोकलच्या महिला डब्यात, दवाखान्याच्या बाकावर, मुलाच्या क्लासबाहेर ते बिनतक्रार चालते. एक सुई, एक दोऱ्याचा गुंडा आणि लहान कात्री एवढाच संसार असतो. विणकामाशी त्याची तुलना नेहमी होते, तेव्हा एक फरक नीट समजून घ्यावा. दोन सुयांवरच्या लोकरीच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. क्रोशात सहसा एकच फास उघडा असतो. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना त्याने एकदा विणकामाची सुई ओढून काढली आणि 110 टाके एकदम निसटले. जाळीदार नमुना असल्याने ते पुन्हा उचलता आले नाहीत आणि महिनाभराची पाठ उसवावी लागली. क्रोशात त्याने तसे केले असते तर चार-सहा खांब उसवले असते. घरात रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल असेल तर विणकाम दोन वर्षे लांबणीवर टाकावे आणि क्रोशा घ्यावा, हे मी निःशंकपणे सांगते.

बाळंतविड्यासाठी 30 इंची चौरस दुपटे करायचे असेल तर 5 इंचांचे 36 चौकोन लागतात. चौकोनाला 20 मिनिटे धरली तर 12 तास होतात आणि ते कितीही दिवसांत पसरवता येतात. धाग्यांची टोके मात्र प्रत्येक चौकोन संपताच दडवून टाकावीत, कारण शेवटी 72 टोके एकत्र समोर आली की काम तिथेच अडून पडते. नवजात बाळाची बोटे अडकतील अशी मोठी भोके नमुन्यात नसावीत आणि आपल्या हवेत लोकरीपेक्षा सुती धागा बरा. क्रोशाची खरी मर्यादा उपयोगाची आहे. तोरणे, रुमाल, टोपडी, पिशव्या होतात. शाळेचा गणवेश काही त्यातून होणार नाही.

भरतकामाबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्याचे उत्तर त्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. कापडावर नक्षी छापून साखळी टाका किंवा देठाचा टाका घालायचा असेल तर ते गोधडीइतकेच सहज थांबवता येते. पण धारवाडकडची कसुती करायची असेल तर कापडाचे धागे मोजत जावे लागते, गाठ मारायची नसते आणि काही टाक्यांत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी असते. मोजणी चालू असताना तिसऱ्या मिनिटाला हाक आली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. अशा कामाला मुले शाळेत असतानाची शांत दुपार आणि खिडकीतला उजेड हवा. चाळिशी लागलेल्यांनी रात्री ट्यूबलाइटखाली ते करू नये. काम ठेवताना फ्रेम सैल करावी आणि सुई काढून घ्यावी. आमच्याकडे एका पावसाळ्यात कापडात राहिलेल्या सुईच्या गंजाचा तपकिरी डाग कमळाच्या पाकळीवर कायमचा बसला.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. क्रोशा आणि भरतकाम काही शे रुपयांत सुरू होते, गोधडीला सुया आणि दोरा सोडला तर घरातलेच कापड लागते आणि मशीनला काही हजार मोजावे लागतात. म्हणून नव्या मशीनवर पैसे घालण्याआधी महिनाभर एक साधी नोंद ठेवावी: आपल्याला सलग दोन तास किती वेळा मिळाले? महिन्यातून तीन-चार वेळा मिळाले असतील आणि मशीन न हलवता ठेवण्यापुरता कोपरा घरात असेल, तर मशीन जरूर घ्यावे. ते वर्षानुवर्षे साथ देईल. एकदाही मिळाले नसतील तर ते पैसे सध्या राखून ठेवावेत आणि गोधडी किंवा क्रोशा धरावा. मूल तीन वर्षांखालील असेल तर क्रोशा आधी, कारण पूर्ण काम एका पिशवीत जाते आणि पिशवी उंच खुंटीला टांगता येते. घरात वडीलधारी माणसे असतील, त्यांचे हात अजून चालत असतील आणि त्यांना सोबत हवी असेल, तर गोधडीसारखे दुसरे काम नाही.

बारशाचे काम स्वीकारताना विशेष काळजी घ्यावी. बाराव्या दिवसाची तारीख आपल्या हातात नसते, त्यामुळे असे काम सातव्या महिन्यातच सुरू करावे आणि ते क्रोशाचे किंवा साध्या धावदोऱ्याच्या दुपट्याचे असावे. मशीनवरची झबली आणि कुंची करायची असतील तर ती बेतून न ठेवता एकाच बैठकीत शिवून टाकावीत. सध्या माझ्याकडे मशीनचा दुसरा आणि चौथा शनिवार ठरलेला आहे, क्रोशाची पिशवी दाराजवळच्या खुंटीला आहे आणि पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवलेल्या गोधडीच्या 60 पैकी 41 ओळी झाल्या आहेत.