गेमच्या बोर्डाची दुरुस्ती: १५,४९० रुपये गेले आणि बोर्डही गेला

जुन्या व्हिडिओ गेम मशीनचा बोर्ड कुरिअरने दुरुस्तीला पाठवणार असाल तर आधी हे वाचा. अ‍ॅडव्हान्स घेऊन गायब होणारे आपल्याला पाठ आहेत. हा दुरुस्तीवाला गायब झाला नाही. फोन उचलत होता, "दादा, काम चालू आहे" म्हणत होता, आणि दर वेळी थोडे थोडे पैसे काढत होता.

बोर्ड वडिलांचा. स्ट्रीट फायटर टू, १९९१ चा, कॅपकॉमचा अस्सल जपानी. त्या काळात आपल्याकडच्या पार्लरमध्ये बहुतेक डुप्लिकेट बोर्ड चालायचे. हा त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून हट्टाने आणला होता. टेम्पोत मशीन टाकून सारंगखेड्याच्या यात्रेला, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला न्यायचे. जळगावच्या उन्हाळ्यातही तो टिकला. यंदा सुरू केला तर गेम चालत होता, आवाज व्यवस्थित, पण खेळाडूंची चित्रं फुटत होती, अंगावर उभे पट्टे. लहान भावाच्या मुलांना दाखवायचा होता, म्हणून दुरुस्त करणारा शोधला. जळगाव, धुळे, भुसावळ पालथं घातलं. टीव्हीवाले हात लावायला तयार नाहीत. परराज्यातला एक जण इंटरनेटवर सापडला. त्याच्या पानावर दुरुस्त केलेल्या बोर्डांचे ढीगभर व्हिडिओ होते. मी काय समजायचं?

कुरिअर ६४० रुपये, तपासणी १,५००. मग त्याचा फोन: "दादा, सुसाइड बॅटरी गेली." बॅटरी आणि 'की', म्हणजे गेमची किल्ली, परत भरायचे ४,२००. सोबत फोटो, बोर्डावर बॅटरी झाळलेली, शेजारी पांढरी बुरशी.

तिथेच कळायला हवं होतं. आज तो फोटो पाहिला की डोकं फिरतं. सुसाइड बॅटरीचा प्रकार खरा आहे, पण तो प्रामुख्याने कॅपकॉमच्या पुढच्या सीपीएस-२ बोर्डांचा, जे १९९३ साली आले. त्यात प्रोग्रॅम कुलूपबंद असतो, किल्ली बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी मेली की किल्ली पुसली जाते आणि गेम सुरूच होत नाही. माझा गेम तर सुरू होत होता! आवाज येत होता! आणि माझा बोर्ड त्याआधीचा, सीपीएस-१; त्यावर ती बॅटरीच नव्हती. तो फोटो दुसऱ्याच बोर्डाचा होता. पण आमचा म्हणजे तीन बोर्ड एकावर एक बसवलेले, स्क्रूने आवळलेले. खालच्या थरात काय आहे हे घरात कोणी कधी उघडून पाहिलंय? समोरचा मोटोरोला ६८०००, झेड-८० अशी प्रोसेसरची नावं घडाघडा घेतोय, मग विश्वास बसणारच. डॉक्टरने एक्स-रे दाखवला तर आपण काय हाडं मोजत बसतो का?

नंतर 'कस्टम चिप'चे ६,८००. मग परत पाठवताना 'विमा' म्हणून २,३५०. सगळे यूपीआयने, वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर. दुरुस्तीवाल्याचं खातं दर वेळी बदलत असेल तर तिथेच थांबा.

पार्सल आलं. पाठवताना पावतीवर वजन १.९ किलो, परत येताना १.१. उघडलं तर सर्वांत वरचा छोटा बोर्ड नाही. ज्या बोर्डावर रॉम, म्हणजे गेम साठवलेल्या चिपा असतात, त्याची सॉकेट रिकामी, बत्तीशी पडलेल्या तोंडासारखी. ईप्रॉम नावाच्या, पुसून परत भरता येणाऱ्या रॉमच्या काचेच्या खिडकीवर ऊन पडलं की हळूहळू डेटा पुसतो, म्हणून वडिलांनी प्रत्येकीवर काळी टेप लावून पांढऱ्या पेनाने आकडे टाकले होते. त्यातली एकही चिप परत आली नाही. खालचा बोर्डही आमचा नाही, कुठल्या तरी ओलीत पडलेला, ट्रॅक हिरवे पडलेले. फोन केला तर म्हणतो, तुम्ही असाच पाठवला होता. म्हणून सांगतो, पॅक करतानाचा आणि उघडतानाचा अखंड व्हिडिओ हवाच. प्रत्येक चिपचा नंबर दिसेल असा फोटो काढा. वजनाच्या पावत्या फेकू नका.

आता यंत्रणेचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला. पहिला प्रश्न, ओटीपी दिला का? नाही दिला. मग म्हणे पोर्टलवर तक्रार टाका. टाकली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, आमचा संबंध नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब विचारतात, "गेमचा बोर्ड? बिल आहे का?" नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवर कोण पक्कं बिल देत होतं? दुसरा म्हणतो, भंगारासाठी एवढं कशाला. भंगार! ज्या बोर्डाच्या कमाईवर आमच्या शाळेची फी भरली गेली, तो भंगार. मग "हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा." अहो, चिपा काढून दुसऱ्याचा बोर्ड पाठवला, ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, विश्वासाने दिलेली वस्तू लाटली त्याला ३१६ आहे. त्याच्या गावच्या ठाण्यात फोन केला तर ते म्हणतात इथे येऊन तक्रार द्या. गुन्हा कुठेही घडो, झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात घेता येतो, हे मी त्यांना सांगायचं का? मावशी म्हणते, "जे गयं ते गयं, भाऊ." मी नाही सोडणार. ठाण्याने नाकारलं म्हणून पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने लेखी तक्रार दिली आहे, ती सोय कायद्यात आहे. पोच आली, उत्तर नाही. ग्राहक आयोगात आपल्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही; तीही तयारी चालू आहे.

दुरुस्तीवाल्याला आधी एवढंच विचारा: बिघाड कुठल्या चिपमध्ये, आणि तो कसा शोधला? खरा कारागीर आधी सॉकेट आणि बोर्डांमधले कनेक्टर साफ करतो, मग सिग्नल तपासायचा प्रोब लावून दाखवतो. आणि चालू बोर्डाचा व्हिडिओ मागाल तर बोर्डाशेजारी तुमचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. पडद्यावरचा गेम काय, कॉम्प्युटरवरही चालतो.

त्याने आता नंबर आणि पानाचं नाव दोन्ही बदललंय, असं एका ओळखीच्या मुलाने सांगितलं. त्यालाही तोच बॅटरीचा फोटो आला होता: हिरवा बोर्ड, खाली निळी रबरी मॅट, मॅटच्या कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्नचा गोल डाग. हा फोटो आला तर एक रुपयाही पाठवू नका, आणि बोर्ड गेला असेल तर आजच परत मागा.