सणाचं जेवण आणि जवळच्या शेतातली कोंबडी: अख्खी भाजावी की तुकडे करून शिजवावी?

सणाला घरात आठ माणसं जेवायला आहेत आणि सामान शक्यतो जवळच्या शेतांतलंच आणायचं ठरलंय, तर मुख्य पदार्थ पाककृती पाहून ठरवू नका. आधी विकणाऱ्याला कोंबडीचं वय विचारा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

ब्रॉयलर पाच ते सात आठवड्यांत विक्रीला येते. मोकळ्यावर वाढलेली गावरान कोंबडी बहुतेक वेळा चार-सहा महिन्यांची असते. तिच्या मांड्यांमधलं कोलॅजन, म्हणजे मांसाचे धागे बांधून ठेवणारं प्रथिन, घट्ट असतं. ते विरघळायला ओलावा आणि भरपूर वेळ लागतो. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत मांडी मऊ होईपर्यंत छातीचं मांस सुकून चोथा होतं. म्हणून कोवळी असेल तर भाजा, जून असेल तर शिजवा.

अख्खी भाजायची तर

हाडांसकट माणशी सुमारे ४०० ग्रॅम धरा, म्हणजे आठ जणांना १.६ किलोच्या दोन कोंबड्या. अडचण इथेच येते. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये एकच नीट मावते. दोन कोंबल्या तर वाफ कोंडते, कातडी कुरकुरीत होत नाही आणि वेळही वाढतो. चार-पाच माणसं असतील तर मात्र भाजलेल्या कोंबडीची सर दुसऱ्या कशालाच नाही.

आदल्या दिवशी किलोमागे १२ ते १५ ग्रॅम मीठ चोळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उघडी ठेवा. कातडी वाळते, मीठ आत मुरतं. २०० अंश सेल्सिअसला साधारण सव्वा तास लागतो, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर भरवसा ठेवा. टोक हाडाला न लावता मांडीच्या सर्वांत जाड भागात खुपसा; ७४ अंश हवेतच, ८० ला मांडी जास्त चांगली लागते. बाहेर काढल्यावर १५ मिनिटं सुरी लावू नका, नाहीतर रस ताटात वाहून जाईल.

तुकडे शिजवायचे तर

माणशी ३०० ग्रॅम पुरतात, कारण रस्सा आणि भाज्या सोबत असतात. तुकडे थोडे थोडे परता; एकदम टाकले की पाणी सुटतं आणि रंग येत नाही. मग कांदा, मसाला आणि तुकडे जेमतेम बुडतील इतकंच गरम पाणी. झाकण ठेवून दीड तास, गावरान फारच जून असेल तर दोन. पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा यावा, एवढीच आच. खळखळ उकळलं तर मांसाचे धागे आवळतात. बटाटे घालणार असाल तर टोमॅटो ते शिजल्यावर घाला, आंबटपणात बटाटा लवकर मऊ होत नाही.

आठ जणांसाठी आम्ही हाच मार्ग सुचवतो. हा पदार्थ आदल्या दिवशी करता येतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा; मोठ्या पातेल्यात मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि तिथेच जेवण बिघडतं. वाढण्याआधी पुन्हा उकळी आणा.

पद्धत कोणतीही असो, कोंबडी सणाच्या सकाळी कापून घेऊ नका. ताजी म्हणून लगेच शिजवलेली कोंबडी चिवट निघते, कारण कापल्यावर काही तास स्नायू ताठलेले असतात. भाजण्या-शिजवण्याच्या आदल्या दिवशी आणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की ते सैल पडतात. विकणाऱ्याकडे नोंदवताना दिवस स्पष्ट सांगा.

घरात शाकाहारी असतील तर तुकड्यांचा पर्याय आणखी सोयीचा, कारण ओव्हन मोकळा राहतो. गाजर, बीट, बटाटे एकसारखे तीन सेंटिमीटरचे कापा. शेतातला माल लहान-मोठा असतो. तसाच टाकला तर लहान फोडी करपतात आणि मोठ्या कच्च्या राहतात. ट्रेमध्ये फोडींमध्ये जागा सोडून २०० अंशांवर ४० मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. पालेभाजी मात्र सणाच्याच दिवशी आणा आणि माणशी किमान १५० ग्रॅम घ्या. कढईत ती आळून मूठभर होते.