मोबाईलवरची डोळे तपासणी: २ स्टार, अन् ते का ते वाचा

आमच्या बाबांचं वय ५८, यवतमाळ जिल्ह्यात कापसाची शेती. औंदा वेचणीच्या टायमाले बाबा सारखे बाजूच्या मानसाले धडकून राहिले होते, एकदा तर बंडीच्या चाकाले पाय लागून पडले. तालुक्याले जायचं म्हणजे दिवसाची मजुरी अन् एसटीचं भाडं, म्हणून मी मोबाईलवर एक फुकटची टेस्ट लावून दिली, चष्मे विकणाऱ्या कंपनीची.

टेस्ट तशी सोपी आहे. स्क्रीनवर एटीएम कार्ड ठेवून साईज जुळवायची, मग E अक्षराचं तोंड कोणीकडं ते बोट फिरवून सांगायचं. पण बाबा अंगणात उन्हात बसलेले, एक डोळा झाकायचा तं बोटाच्या फटीतून दुसऱ्यानं पाहून राहिले, डोळे बारीक केले की अक्षर तसंही जरा साफ दिसतं, अन् हे सगळं त्या मोबाईलले कुठं कळते. रिझल्ट आला "नजर चांगली", खाली लगेच वाचायच्या चष्म्याची जाहिरात. बाबा म्हणे, "पाय, म्या म्हनलं नव्हतं, मले काई नाई झालं." अन् आम्ही तीन महिने गप्प बसलो. याचंच मले आजही वाईट वाटते.

शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. लाईनीत तीन तास गेले, पंखा बंद, हे खरं आहे. पण आत गेल्यावर नेत्रवाल्या मॅडमनं ६ मीटरवरच्या तक्त्यावर एकेक डोळा स्वतः झाकून वाचायले लावलं अन् बाबांनी जवळपास सगळं वाचलं, म्हणजे मोबाईल खोटा नव्हता. मग मॅडमनं डोळ्याचं प्रेशर मोजलं तं २८ अन् ३०, साधारण १० ते २१ पाहिजे. थेंब टाकून आतली नस पाहिली अन् जिल्ह्याले फील्ड टेस्टले (बाजूचं किती दिसते ते पाहायची टेस्ट) पाठवलं. काचबिंदू निघाला, म्हणजे डोळ्याची नस खराब होत जाणारा आजार.

काचबिंदूत बहुतेक वेळा आधी बाजूची नजर जाते, दुखत नाही, अन् समोरचं अक्षर शेवटपर्यंत दिसू शकते. म्हणून त्या E वाल्या टेस्टमध्ये तो सापडणारच नव्हता. गेलेली नजर परत येत नाही, आता रोज रात्री एक थेंब, उरलेली टिकवायले. शुगरवाल्यांचंही तसंच, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचं नुकसान आधी कळत नाही, त्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावाच.

दोन स्टार दिले ते यासाठी की लेकराले फळ्यावरचं दिसत नाही का याचा अंदाज घरी येतो. पण चाळीशी झाली असेल, किंवा घरात कोणाले काचबिंदू असेल (मी पण तपासून आलो) तं दवाखान्यातच जा. अन् सोबत मानूस न्या, तपासणीचा थेंब टाकल्यावर चार-पाच तास धूसर दिसते, पेशंटले गाडी चालवू देऊ नका.