गंगावेशीतले बाइंडर काका आणि आमची शिळाछाप पोथी

सासऱ्यांच्या देव्हाऱ्यात पांडवप्रतापाची जुनी पोथी होती. कडांना कसर लागलेली, पहिलं पान गेलेलं, त्यामुळे छापल्याचं साल कळत नाही. दोन वर्षांपूर्वी घरातलं दुसरं एक जुनं पुस्तक मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात दिलं होतं. त्यांनी कडा मशीनवर कापून एकसारख्या केल्या आणि समासात सासऱ्यांनी लिहिलेल्या टिपा अर्ध्या तुटल्या. तेव्हापासून पोथी कुणाच्या हातात द्यायची हिंमत होत नव्हती.

कोल्हापुरात गंगावेशीच्या एका बोळात हे बाइंडर काका बसतात. दुकानाला पाटी नाही. पूर्वी वीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवली. मी म्हटलं, "काका, छान बाइंडिंग करून द्या." त्यांनी पोथी उघडली, एक पान उलटं केलं आणि पाठीवरून बोट फिरवलं.

"ह्याला शिवण घालायची न्हाई वहिनी. पोथीची पानं सुट्टीच ऱ्हायला पायजेत. आणि ही खिळ्यांची न्हवं, शिळाप्रेसची हाय."

खिळ्यांनी छापलं की कागद दाबला जातो, पाठीमागे हाताला खडबड लागते. इथे पाठ गुळगुळीत होती. मग त्यांनी भिंग दिलं आणि एकाच पानावरचे दोन 'श्री' दाखवले. एकाची वेलांटी लांब, दुसऱ्याची आखूड. खिळा असता तर दोन्ही सारखेच उमटले असते. इथे कुणीतरी बसून अख्खं पान हातानं लिहिलं, ते दगडावर उतरवलं आणि मग छापलं. इतकी वर्षं मी ही पोथी हाताळत होते, पण त्या लिहिणाऱ्याचा हात मला त्या दिवशी दिसला.

घरी येऊन मी वाचत बसले. 1805 साली तिकडे बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण खिळ्यांनी छापलं गेलं आणि त्याच साली आपल्या शेजारच्या मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून गीता छापली गेली! कोल्हापूरच्या किती मुलांना हे माहीत असेल? पुढे 1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील ग्रंथाला शिवत नसत, तर त्यांनी तूप घालून शाई केली. आमची पोथी लांबट, सुट्ट्या पानांची का, हेही तेव्हाच उमजलं. हस्तलिखितासारखी दिसली तरच ती देव्हाऱ्यात जाणार होती.

आता कामाबद्दल. काकांनी एकही कड कापली नाही. फाटलेल्या जागी पातळ टिश्यू आतून लावला, तोही अक्षरावर न येऊ देता. खळ गव्हाची, घरी शिजवलेली. एरवी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण जुन्या कागदाला ते नको म्हणाले. पोथीच्या मापाच्या दोन लाकडी फळ्या करून दिल्या आणि वर लाल सुती कापडाचं बासन. त्या फळ्यांच्या कडा त्यांनी पॉलिश पेपरनं इतक्या मऊ केल्यात की कापड कुठे अडकत नाही.

साडेसहाशे रुपये घेतले. मी आणखी देत होते, घेतले नाहीत. आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले, हे मात्र खरं. फोन उचलत नाहीत, त्यामुळे चार हेलपाटे पडले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे उशीर झाला, हे मला शेवटच्या फेरीत कळलं. हाताखाली कुणी शिकणारं नाही, याचं फार वाईट वाटतं. फाइन आर्टच्या मुलांनी एकदा तरी त्यांच्याजवळ जाऊन बसावं.

सोमवारी बंद असतं, सकाळी अकरानंतर जा. पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीतून नेऊ नका, सुती कापडात गुंडाळून न्या. मी पिशवीतून नेली होती, तर आधी त्यांनी ती पिशवी बाजूला केली आणि मगच बोलायला लागले.