लेखन शिकायचंय: आधी कम्युनिटी कॉलेज की थेट यूसी?

कॅलिफोर्नियात वाढलेली आपली एखादी मुलगी बारावीत ‘मला इंग्लिश आणि क्रिएटिव्ह रायटिंग करायचंय’ म्हणाली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुढे नोकरीचं काय? तो वाद तुम्ही जेवणाच्या टेबलावर मिटवला आहे असं धरून चालते. उरतो तो दुसरा प्रश्न. पहिली दोन वर्षं डी अँझा किंवा फूटहिलसारख्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, काढून मग यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घ्यायची, की मिळालेली यूसीची जागा आत्ताच घ्यायची?

माझं मत आधीच सांगून टाकते. लेखन शिकणाऱ्या मुलांसाठी कम्युनिटी कॉलेजची पहिली दोन वर्षं कमी प्रतीची नसतात, काही बाबतींत तर उजवी असतात. पण तारखा आणि अर्ज स्वतःहून न सांभाळणाऱ्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये.

पैशाचा हिशेब सोपा आहे. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या सत्रांवर, चालतात, तिथे ३१. ट्रान्सफरला लागणाऱ्या ९० क्वार्टर युनिटांचे झाले २,७९० डॉलर, तेही दोन्ही वर्षांचे मिळून. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या पूर्णवेळ मुलांना बऱ्याच कॉलेजांत ‘प्रॉमिस’ नावाच्या योजनेखाली हे २,७९० डॉलरही माफ होतात. यूसीत नुसती ट्यूशन वर्षाला १४ हजारांच्या वर, आणि राहणं-जेवण धरलं की आकडा ४० हजारांच्या पुढे जातो. तरी यूसीचं आर्थिक मदतीचं पत्र हातात येईपर्यंत निकाल लावू नका. ठरावीक उत्पन्नाखालच्या घरांची ट्यूशन ‘ब्लू अँड गोल्ड’ योजनेत भागते. दोघंही टेकमध्ये असलेल्या घराला अर्थातच त्याचा उपयोग नाही. आणि महाराष्ट्रातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर यायचा विचार असेल, तर वरचा सगळा हिशेब विसरा. बाहेरच्यांना कम्युनिटी कॉलेजातही फी कितीतरी पट पडते.

आता खरा मुद्दा: तिचं लिहिलेलं वाचणार कोण?

यूसीत नावाजलेले लेखक शिकवायला असतात, पाहुण्या लेखकांची वाचनं होतात, ग्रंथालयाबद्दल तर बोलायलाच नको. पण पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वाट्याला यातलं किती येतं? साहित्याची मोठी लेक्चरं, आणि निबंध तपासायला बहुतेक वेळा पदव्युत्तर विद्यार्थी. यूसीच्याच बर्कली कॅम्पसच्या लेखन कार्यशाळांना लेखनाचा नमुना देऊन प्रवेश मिळवावा लागतो. सांताक्रूझ कॅम्पसलाही साहित्याच्या मेजरमधल्या (म्हणजे पदवीच्या मुख्य विषयातल्या) क्रिएटिव्ह रायटिंग शाखेसाठी वेगळा अर्ज असतो. म्हणजे यूसीत शिरलं की लेखनाच्या वर्गात शिरलं, असं नाही.

कम्युनिटी कॉलेजात टीए, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली शिकवणारे पदव्युत्तर विद्यार्थी, हा प्रकारच नाही. निबंध असो की कथा, प्राध्यापकच वाचतात, आणि तिथे त्यांचं मुख्य काम शिकवणंच असतं. कथा किंवा कवितेच्या वर्गात नाव घालायला नमुना लागत नाही. मात्र यातले बरेच प्राध्यापक अर्धवेळ असतात, एका दिवसात दोन-दोन कॉलेजं करत हायवेवर असतात. वर्ग संपल्यावर त्यांना गाठणं कठीण जातं, आणि ट्रान्सफरनंतर शिफारसपत्र मागायला जावं तर ते त्या कॉलेजात असतीलच असं नाही.

सोबतचे लोक हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो. मी संध्याकाळच्या फिक्शनच्या वर्गात बसले आहे. रात्रपाळीला निघालेली नर्स, हायस्कूलमधून आलेला सतरा वर्षांचा मुलगा, निवृत्त बस ड्रायव्हर, सगळे एकाच टेबलाभोवती. कथेच्या प्रती आदल्या आठवड्यात वाटायच्या, चर्चेच्या वेळी लेखकाने तोंड उघडायचं नाही. एका देशी मुलीच्या कथेत आजी कामवालीचा कप वेगळा ठेवते. समानतेवर भाषण होणार म्हणून मी सरसावून बसले होते, तर ड्रायव्हर आजोबांनी एवढंच विचारलं, ‘तो कप ठेवायचे कुठे?’ तिने तसं काही लिहिलंच नव्हतं. पुढच्या आवृत्तीत तो कप न्हाणीघराच्या खिडकीत आला, दात घासायच्या ब्रशांशेजारी, आणि कथा उभी राहिली. वर्गातले सगळे एकोणीस वर्षांचे असते तर हा प्रश्न आला असता का, मला शंका आहे.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या ऑक्टेव्हिया बटलर पॅसडीना सिटी कॉलेज या कम्युनिटी कॉलेजच्या. तिथल्या कथास्पर्धेत मिळालेले १५ डॉलर ही त्यांची लेखनाची पहिली कमाई. डी अँझाचंही ‘रेड व्हीलबॅरो’ हे वाङ्मयीन नियतकालिक आहे. पहिल्याच वर्षी संपादनाला हात लागण्याची शक्यता अशा ठिकाणी जास्त.

उणिवाही आहेत. वर्ग प्राथमिक पातळीचेच मिळतात. कथेचा कोर्स एकदा पास झालात की सहसा पुन्हा घेता येत नाही, आणि पुरेशी नावं आली नाहीत तर ऐन वेळी वर्ग रद्द होतो. वसतिगृह बहुतेक ठिकाणी नाहीच. त्यामुळे वर्ग सुटला की मंडळी पार्किंग लॉटकडे, आणि रात्री दोनपर्यंत पुस्तकांवर भांडणारी मैत्री जमत नाही. घर सोडणं हाच ज्या मुलांचा अर्धा अभ्यासक्रम आहे, त्यांना हे जाचतं.

मग ट्रान्सफर. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सांताक्रूझ हे सहा यूसी कॅम्पस अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. तिला सगळे टॅग म्हणतात. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये, यूसीचा मुख्य अर्ज त्याच्या पाठोपाठ. म्हणजे दुसऱ्या वर्षाचे वर्ग धड सुरू व्हायच्या आत सगळं ठरलेलं हवं. कुठला कोर्स कुठे चालतो हे ‘असिस्ट’ या सरकारी साइटवर पहिल्याच क्वार्टरला बघायचं. समुपदेशकावर पूर्ण विसंबू नका, त्यांच्याकडे रांग मोठी असते.

ट्रान्सफर झाल्यावर हातात दोनच वर्षं उरतात. जागा रुळेपर्यंत कार्यशाळांचे अर्ज, ऑनर्सचा प्रबंध, सगळं एकदम अंगावर येतं, आणि बरोबरीची मुलं तोवर प्राध्यापकांना नावाने ओळखत असतात. पदवीवर मात्र यूसीचंच नाव येतं. पुण्याच्या आत्याला तेवढं सांगितलं तरी भागतं.

रिव्हरसाइडला क्रिएटिव्ह रायटिंगचा स्वतंत्र मेजर आहे. तिथली जागा परवडणाऱ्या खर्चात हातात असेल आणि मुलगी आजच भरपूर लिहीत असेल, तर थेट जावं. कर्ज काढावं लागणार असेल, किंवा कथा की पत्रकारिता की आणखी काही हे तिचं ठरलेलं नसेल, तर मी बिनदिक्कत कम्युनिटी कॉलेज म्हणेन. यूसी हवीच असा हट्ट नसेल तर सॅन फ्रान्सिस्को स्टेट हे दुसरं सरकारी विद्यापीठही बघा, तिथे लेखनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि फी यूसीपेक्षा बरीच कमी.

मुलगी अजून अकरावीत असेल तर ड्युएल एनरोलमेंटमधून, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचा एक कोर्स घेऊन बघता येतो, युनिटांची फी पडत नाही. फक्त ती ग्रेड कायमची रेकॉर्डवर जाते आणि यूसीच्या अर्जात दाखवावी लागते, एवढं तिला आधी सांगा.