कादंबरी छापतो, सिरीज काढतो म्हणून १,१८,५४० रुपयांना गंडा. साठीनंतर लिहायला लागलेल्यांनी वाचाच

साठी उलटल्यावर प्रेमकथा लिहिणाऱ्याला फसवणं फार सोपं, कारण तो कुणाला विचारायला जात नाही. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी काय म्हणतील! या लाजेवरच या लोकांचा धंदा चालतो. म्हणून आता लाज गुंडाळून ठेवून सगळे आकडे लिहितोय.

मी पाटबंधारे खात्यातून लेखा शाखेतून निवृत्त झालो. सगळी नोकरी कंत्राटदारांची बिलं तपासण्यात गेली. रुपया-दोन रुपयांसाठी बिल परत पाठवणारा म्हणून बदनाम होतो. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भोळा असेल.

कादंबरी निवृत्तीनंतर लिहिली. १९८३ सालचा काळ, कोल्हापूर-गारगोटी एसटी, कंडक्टर आणि त्या गाडीनं रोज शाळेत जाणारी शिक्षिका. बायकोलासुद्धा पहिली दोन प्रकरणं झाल्यावरच सांगितलं. एका कथांच्या अ‍ॅपवर टोपणनावानं थोडी थोडी टाकत होतो, लोक वाचत होते. तिथूनच त्यांनी मला हेरलं.

फोन आला तो एका गोड बोलणाऱ्या मुलाचा. ‘सर, तुमचं ते तिकिटाच्या पंचचं प्रकरण वाचून आमच्या संपादक मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.’ आता ते प्रकरण आहे बरं का. कंडक्टर तिचं तिकीट रोज ठरावीक ठिकाणी पंच करतो आणि ती तिकिटं जपून ठेवते. म्हणजे त्यानं खरंच वाचलेलं होतं. सरसकट ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’ असला मेसेज असता तर मीही खोडूनच टाकला असता. मोठ्या प्रकाशकांकडे पाठवून झालं होतं. कुणी उत्तर दिलं नाही, एकानं ‘प्रेमकथा सध्या घेत नाही’ एवढं तरी कळवलं. अशा वेळी कुणी तुमच्या कंडक्टरचं नाव घेऊन बोलला तर तुम्ही काय केलं असतं?

‘सहयोगी प्रकाशन’ म्हणाले. पॅकेज ४२,००० रुपये, ३०० प्रती, त्यातल्या ५० मला. आधी २२,००० दिले, मुखपृष्ठ दाखवल्यावर २०,०००. मुखपृष्ठावर बर्फात उभं असलेलं एक गोरं जोडपं! माझी नायिका गारगोटीच्या शाळेत शिकवते, तिनं बर्फ बघितला असेल तर उसाच्या रसात. बदला म्हटलं, तर ‘सर, ऑनलाइनला हेच चालतं.’ मग आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५०० आणि कॉपीराइट नोंदणीचे ६,८००.

इथं थांबून सांगतो. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतः अर्ज करता येतो, एक रुपया लागत नाही. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीचं सरकारी शुल्क ५०० रुपये. आणि नोंदणी केली नाही तरी लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो. हे मला नंतर एका ग्रंथपाल मित्रानं सांगितलं. त्यानंच आयएसबीएन तपासायची रीत शिकवली. तेरा आकडे घ्या, पहिल्याला एकनं गुणा, दुसऱ्याला तीननं, तिसऱ्याला परत एकनं, असं शेवटपर्यंत. बेरीज दहाच्या पटीत यायला पाहिजे. माझी आली १२७. म्हणजे नंबरच मनानं टाकलेला.

पुस्तकाच्या दहा प्रती कुरिअरनं आल्या. दहा! बाकीच्या ‘वितरणात’. मी हरखून उघडलं तर ११२ नंतर थेट पान १२९. एक अख्खा फॉर्म, सोळा पानं गायब. दहाही प्रतींत तसंच. कंडक्टर आणि ती पहिल्यांदा गाडीच्या बाहेर भेटतात ते त्याच पानांत होतं. आता माझी नायिका ११२ वर स्टँडवर उभी आहे आणि १२९ वर तिचा साखरपुडा मोडलाय. फॉन्ट बदलताना रफार उडाले ते वेगळंच.

तक्रार करायला फोन केला तर तोच मुलगा आनंदानं ओरडला, ‘सर, मीच करणार होतो! सिरीजसाठी विचारणा आलीय.’ पानांचा विषय तिथंच बुडाला. स्क्रिप्ट नोंदणीचे १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,२४०, एकूण २१,२४०. दिले. रीतसर पावती आली, जीएसटी नंबरसकट. आता तो नंबर बघवत नाही. पत्ता पुण्याचा, सदाशिव पेठेतला, आणि नंबर ०७ नं सुरू होतो. महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर भलत्याच कापड दुकानाचा निघाला. भाचा पुण्यात असतो, तो पत्त्यावर जाऊन आला. तिथं इस्त्रीचं दुकान.

आणि मग तो टीडीएस. त्या आठवणीनं अजून झोप लागत नाही.

पीडीएफ आली. हक्कांपोटी आगाऊ रक्कम ४,५०,०००. खाली ओळ: ‘रक्कम वितरित होण्यापूर्वी लेखकाने १० टक्के टीडीएस ४५,००० जमा करावा.’ अहो, टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, तो देणारा कापतो! घेणाऱ्याच्या हातात उरलेले पडतात. ४,५०,००० मधून ४५,००० कापून ४,०५,००० पाठवा म्हणायचं, विषय संपला. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? आणि मी हे त्याला बोललो होतो, शब्दन् शब्द. तर तो म्हणतो, ‘सर, तुम्ही अकाउंट्सचे, तुम्हाला काय सांगायचं. पण हा कंटेंट टीडीएस आहे, तो आधी भरावा लागतो. तुमच्याच पॅनवर दिसेल, रिटर्नला परत मिळेल.’ कंटेंट टीडीएस! असलं काही जगात नसतं. पण खात्यातून बाहेर पडून वर्षं झालेली, नियम तर दर बजेटला बदलतात. शिवाय ज्याला विचारावं तो सीए मुलाचा मित्र. त्याला विचारलं की कादंबरीचं बिंग फुटणार. नाही विचारलं. क्यूआर स्कॅन केला तेव्हा कंपनीचं नाव न येता कुणा बाईचं नाव आलं, तेही वाचलं आणि बोट दाबलं. तुम्ही ते नाव वाचा. तिथं कंपनी दिसली नाही तर मोबाइल खाली ठेवा.

पुढची मागणी ‘एनओसी’चे २८,००० अशी आली तेव्हा नाही म्हणालो, आणि फोन बंद झाला. एकूण गेले १,१८,५४०.

आता सरकारी कथा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, लगेच लावा, पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे गोठवता येतात. मी आधी बायकोला सांगायचं धैर्य गोळा करत बसलो, त्यात वेळ गेला. तक्रार नोंदली, नंबर मिळाला, ‘पोलीस ठाण्याकडे वर्ग’ असं दिसायला लागलं. तिथं गेलो तर पुस्तक हातात घेऊन हवालदार म्हणाला, ‘काका, ह्या वयात?’ आणि मधलंच पान उघडून मोठ्यानं वाचायला लागला. पासपोर्टच्या कामाला आलेली पोरं हसली. ‘लईच रोमँटिक हाय की ओ! काकूंनी वाचलं का?’ मी कागद पुढं केले. करारपत्र बघून साहेब म्हणाले, करार आहे म्हणजे हे सिव्हिल मॅटर. दिवाणीत जा. खोटा जीएसटी नंबर, खोटा आयएसबीएन, खोटा टीडीएस, हे सिव्हिल? शिवाय ‘कंपनी पुण्याची, गुन्हा तिकडं.’ पुण्याला फोन केला, ते म्हणाले पैसे कोल्हापुरातून गेले, तिकडं नोंदवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झालाय, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलमाची प्रिंट नेली. साहेबांनी ती घडी घालून चहाच्या कपाखाली ठेवली.

बँक म्हणते, समोरच्या खात्याची माहिती हवी तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हा दाखल नसताना पत्र कसं द्यायचं? आणि गुन्हा दाखल करायला समोरचा कोण आहे ते पाहिजे. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, ऑगस्ट २०२५ मध्ये, आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण पोलीस ठाण्यात एक अर्ज पुढं सरकायचा तर काय करावं लागतं हे कोण सांगणार?

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, वकील नसला तरी चालतो. नोटीस ‘पत्ता अपुरा’ म्हणून परत आली. मी बिलांना जे शेरे मारायचो तेच आता मला मिळताहेत.

करार करणार असाल तर सिनेमा-सिरीजचे हक्क कुणाकडे आणि किती वर्षांसाठी हे वाचा. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं पाच वर्षं धरतात. माझ्या करारात ‘कायमस्वरूपी’ होतं, मी ते लग्नाच्या संदर्भात वापरतो तेवढ्याच सहज वाचून पुढं गेलो. छापायचंच असेल तर गावातल्या प्रेसमध्ये जा, कागद हातात घेऊन बघा, बांधणीआधी फॉर्म मोजा.

गेल्या आठवड्यात नव्या नंबरवरून फोन आला. ‘लेखकांचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त ९,५०० फाइल चार्ज.’ माझी रक्कम त्याला रुपयासकट पाठ होती. म्हणजे यादी त्यांच्याकडूनच गेलेली. नंबर आणि रेकॉर्डिंग घेऊन तसाच ठाण्यात गेलो, म्हटलं आता तरी धागा सापडला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा वेगळा विषय झाला, यासाठी वेगळा अर्ज द्या.

अर्ज दिलाय. पोच मागितली तर शिक्का मारणारा रजेवर आहे म्हणाले.