कार्बनच्या टाक्या: नऊ महिन्यांनंतर

इचलकरंजीत आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे. सुती कापड रंगवतो, थोडं पॉलिस्टर. दिवसाला 40 हजार लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. गेल्या ऑगस्टमध्ये ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या, शेवटी कार्बनच्या, म्हणजे रंग छिद्रांत धरून ठेवणाऱ्या सक्रिय कोळशाच्या, दोन टाक्या बसवल्या. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) कसाबसा 250 च्या आत यायचा, पण रंगाची 150 प्लॅटिनम-कोबाल्टची (हे रंग मोजायचं एकक) मर्यादा काही पाळली जात नव्हती. लाल लॉट निघाला की नाल्यात रंगपंचमी.

विक्रेता म्हणाला होता, "करवंटीचा कोळसा, आयोडीन नंबर 1000. एक भरणी सहा महिने बघायला नको." पहिली भरणी 19 दिवसांत गेली. एका टाकीत 300 किलो माल बसतो, किलोला 110 रुपये. म्हणजे हजार लिटरमागं 43 रुपये नुसत्या कोळशाचे. त्या दिवशी टाक्या परत पाठवायच्या विचारात होतो.

चूक थोडी त्याची, जास्त आमची. आयोडीन नंबर म्हणजे कोळसा किती आयोडीन शोषतो ते. आयोडीनचा रेणू बारीक, त्यामुळं तो नंबर बारीक छिद्रांचा हिशेब देतो. करवंटीच्या कोळशातली बहुतेक छिद्रं 2 नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. फिनॉल किंवा सॉल्व्हंट धरायचं असेल तर तो उत्तमच. सुती कापडाला लावतो त्या रिॲक्टिव्ह रंगाचा रेणू मात्र अंगानं थोराड, तो दारातच अडतो. आत जागा असून उपयोग नाही.

मग चार ठिकाणचे नमुने मागवले, घरच्या मिक्सरमध्ये दळले (मिक्सर कायमचा कारखान्यात आला, नवीन घ्यावा लागला) आणि आमच्याच पाण्याच्या एकेका लिटरमध्ये एकेक ग्रॅम टाकून चार तास हलवत ठेवले. गाळून बाटल्या पांढऱ्या कागदापुढं लावल्या. दगडी कोळशापासून केलेला, आयोडीन नंबर 900 चा नमुना डोळ्यांना दिसेल इतका सरस निघाला. त्याचा मिथिलीन ब्लूचा आकडा, म्हणजे आयोडीनपेक्षा मोठ्या रेणूचा हा निळा रंग किती धरतो ते, सगळ्यांत जास्त होता. आता खरेदीला तोच आकडा आधी विचारतो.

दुसरी चूक कोळशाच्या अलीकडची. रंगाईचं पाणी अल्कधर्मी असतं. घाईत पीएच 9 च्या वर असतानाच पुढं सोडत होतो, आणि तेवढ्या पीएचला हे रंग कोळशाला नीट चिकटत नाहीत. तुरटीचा डोसही अंदाजपंचे होता. पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात फारसे विरघळत नाहीत, ते तुरटीनं खाली बसायला हवेत. ते गाळासकट कोळशावर येत होते. पीएच सातच्या जवळ आणला, डोस रोज बरण्यांत वेगवेगळा टाकून बघून (जार टेस्ट) ठरवू लागलो, वाळूच्या फिल्टरची वाळू बदलली. आता भरणी सात आठवडे टिकते. हजार लिटरला 17 रुपये पडतात. नाल्यातलं पाणी फिकट चहासारखं असायचं, ते आता बाटलीत धरलं तर जवळजवळ नितळ दिसतं.

दोन टाक्या एकामागोमाग ठेवल्या हे बरं झालं. मधल्या नळाचं पाणी ऑपरेटर मामा रोज सकाळी बघतात. तिथं रंग दिसला की पहिली रिकामी करायची, दुसरीला पहिल्या जागी आणायची आणि नवा माल मागं. एकच टाकी असती तर रंग सुटल्याचं नाल्यातच कळलं असतं. नवा माल मात्र रात्रभर भिजवून, उलटं पाणी मारून काळी भुकटी धुऊन काढावी लागते. पहिल्यांदा व्हॉल्व्ह जास्त उघडला आणि चांगला दाणाही गटारात गेला.

दिवाळीत चार दिवस बंद होतो. चालू केल्यावर सडक्या अंड्यांचा वास! साचलेल्या पाण्यात जंतू वाढले होते. आता सुट्टीआधी टाक्यांतलं पाणी काढून टाकतो.

यापेक्षा महत्त्वाचं एक. माल काढायला मामा आत उतरणार होते, फिटर म्हणाला, "काही होत नाही." ओला कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो हे मी वाचलं होतं, म्हणून ऑक्सिजनचा मीटर दोरीला बांधून आत सोडला. 20.9 टक्के असायला हवं तिथं 17. आता पाण्याच्या जोरावर बाहेरूनच काढतो, आत कोणी उतरत नाही.

क्षार कोळशानं जात नाहीत. रिॲक्टिव्ह रंगाईत मीठ भरपूर लागतं, आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जेवढा आत तेवढाच बाहेर. 'सगळं पाणी परत वापरता येईल' असं कोणी सांगत असेल तर क्षार काढणाऱ्या आरओचा खर्च कुठं धरलाय ते विचारा. उन्हाळ्यात पंचगंगा आटली की खाली शिरोळकडं काय पाणी जातं ते आपण बघतो; त्यातला रंगाचा वाटा आम्ही थांबवला, मिठाचा नाही.

संपलेला कोळसा 2016 च्या नियमांत घातक कचरा. उकिरड्यावर टाकता येत नाही, छपराखाली सिमेंटच्या कोब्यावर ठेवून 90 दिवसांत रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावा लागतो. 800 अंशांच्या वर वाफेत भाजून तो पुन्हा वापरता येतो, पण 300 किलोसाठी भट्टीवाला फोन उचलत नाही. शेजारच्या दोन कारखान्यांशी बोलणं चाललंय, तिघांचा मिळून एक ट्रक भरला तर येतो म्हणालाय.

मॅनहोलचं गॅस्केट मात्र दर वेळी गळतं. तिसरं मागवलंय.